पेशी आणि पेशीअंगके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीबद्दलचे बहुतेक प्रश्न एका आकृतीतून निघतात. एक गोल, आत रंगीत ठिपके, प्रत्येक ठिपक्याला एक बाण आणि बाणाच्या टोकाला एक नाव. हे ठिपके म्हणजे पेशीअंगके, पेशीच्या आत वेगवेगळी कामे करणारे भाग. नावे पाठ होतात, पण ही मंडळी एकमेकांशी काय करतात ते आकृतीत दिसत नाही. खालच्या उत्तरांचा भर त्यावर आहे. त्यामुळे काही उत्तरे बरीच लांबली आहेत आणि काही दोन-तीन ओळींत संपली आहेत.

पेशीला अंगके लागतातच कशाला? सगळे एकाच द्रवात का होत नाही?

पेशीत एकाच वेळी हजारो रासायनिक क्रिया चालू असतात आणि त्यांतल्या कित्येक एकमेकींच्या विरुद्ध असतात. एकीकडे प्रथिने बनत असतात, दुसरीकडे जुनी प्रथिने तोडली जात असतात. एका विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, आम्लधर्मी वातावरण हवे, दुसरे त्यात निकामी होते. सगळे एकत्र सोडले तर एकाचे केलेले दुसरा मोडील. पातळ पटल घालून वेगळी जागा करायची आणि त्या जागेतली परिस्थिती वेगळी राखायची, ही पेशीने काढलेली तोड. लयकारिकेच्या (पेशीतली मोडतोड करणाऱ्या अंगकाच्या) आतला सामू, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त), साधारण ४.५ ते ५ असतो, तर पटलाच्या लगेच बाहेर असलेल्या पेशीद्रव्याचा, म्हणजे पेशीतल्या दाट द्रवाचा, सामू ७.२ च्या आसपास. म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात शंभर पटींहून जास्त फरक, आणि मध्ये काही नॅनोमीटर जाडीचा पडदा.

दुसरे कारण पृष्ठफळाचे. अनेक क्रिया द्रवात होत नाहीत, पटलावर बसलेल्या प्रथिनांकडून होतात. त्यांना पटल भरपूर लागते. यकृताच्या पेशीतल्या सगळ्या पटलांची मोजदाद केली तर बाहेरच्या पेशीपटलाचा वाटा फक्त २ टक्क्यांच्या घरात निघतो. एक तृतीयांशाहून थोडे जास्त पटल खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेचे (प्रथिने जिच्यात शिरतात त्या पटलाच्या जाळ्याचे) असते आणि जवळपास तेवढेच तंतुकणिकांच्या (अन्नातली ऊर्जा वापरण्याजोगी करणाऱ्या अंगकांच्या) आतल्या पटलाचे. आकृतीत बाहेरची रेघ सर्वांत ठळक काढली जाते. मोजमापात ती किरकोळ ठरते.

रायबोझोम हे पेशीअंगक आहे की नाही?

त्याला पटल नसते, त्यामुळे काटेकोर व्याख्येत ते बसत नाही. बरीच पुस्तके तरीही त्याला यादीत घेतात. यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. त्याचे काम मात्र पेशीतल्या सर्वांत जुन्या कामांपैकी आहे: आरएनएवरचा (डीएनएवरून निघालेल्या प्रतीवरचा) संदेश वाचून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे सुटे घटक, ओळीने जोडायची आणि प्रथिन तयार करायचे. जिवाणूंचे रायबोझोम आपल्यापेक्षा थोडे लहान आणि घडणीने वेगळे असतात. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके नेमका हा फरक हेरतात. रायबोझोमची अणूंच्या पातळीपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पेशी किती मोठी असते? ती वाढत का जात नाही?

प्राण्यांच्या बहुतेक पेशी १० ते ३० मायक्रोमीटरच्या, नेहमीचे जिवाणू एक-दोन मायक्रोमीटरचे. माणसाचे अंडे सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतके.

आकाराला मर्यादा येते ती भूमितीमुळे. पेशीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली तर पृष्ठफळ चौपट होते, पण घनफळ आठपट. आत खाणारे आठपट आणि दारे चौपटच, अशी गत होते. चेतापेशी या नियमातून सुटते, कारण ती लांब असली तरी अतिशय बारीक असते. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणाऱ्या काही चेतापेशींचा तंतू जवळपास एक मीटर भरतो.

माणसाच्या शरीरात ढोबळमानाने ३० लाख कोटी पेशी असतात. त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त एकट्या तांबड्या रक्तपेशी आहेत, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते.

पेशीपटल आणि पेशीभित्तिका यांत नेमका फरक काय?

पटल प्रत्येक पेशीला असते. भित्तिका वनस्पती, कवके, बहुतेक जिवाणू यांना असते आणि ती पटलाच्या बाहेर असते. प्राण्यांच्या पेशींना ती नसते. वनस्पतींची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची, कवकांची कायटिनची, जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची. पाणी आणि लहान रेणू भित्तिकेतून सहज आरपार जातात. तिचे काम आधार देण्याचे आणि पाणी शिरून पेशी फुटू न देण्याचे.

आत काय घ्यायचे आणि काय नाही हे ठरवते ते पटल. फॉस्फोलिपिडचे रेणू दोन थरांत उभे राहतात: पाण्याला धरून राहणारी डोकी बाहेरच्या बाजूंना, पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत. हा थर कोणी रचावा लागत नाही, पाण्यात तो आपोआप जमतो. जाडी सात-आठ नॅनोमीटर. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सरळ जातात. सोडियम, पोटॅशियम यांसारखे आयन अडतात आणि त्यांना प्रथिनांची खास वाट लागते. पाणी मधल्या प्रकारातले: थोडे असेच झिरपते, पण मूत्रपिंडासारख्या ठिकाणी जिथे ते मोठ्या प्रमाणावर हलवायचे असते तिथे त्याच्यासाठी वेगळ्या प्रथिन-वाहिन्या असतात. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात आणि त्यांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चे नोबेल मिळाले.

पटल स्थिर नसते. त्यातले मेद आणि बरीच प्रथिने पटलाच्या पातळीत सतत सरकत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेले हे प्रारूप पुढे बरेच सुधारले गेले, पण त्याचा गाभा टिकून आहे.

सर्व माहिती केंद्रकात असते, तर केंद्रकाला वेगळे आवरण कशासाठी?

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. तो ४६ गुणसूत्रांमध्ये विभागून, हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून, साधारण ६ मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात बसवलेला असतो. आवरणाचे काम त्याला सांभाळणे, असे उत्तर सहसा मिळते. ते अपुरे आहे.

जिवाणूत डीएनएवरून आरएनएची प्रत निघायला लागली की ती पूर्ण व्हायच्या आतच रायबोझोम तिच्यावर बसून प्रथिन बनवू लागतात. आपल्या पेशीत तसे चालणार नाही, कारण आपली पहिली प्रत कच्ची असते. तिच्यात मधेमधे प्रथिनासाठी न लागणारे तुकडे असतात. ते कापून उरलेले जोडावे लागतात. केंद्रकाचे आवरण या दोन कामांना वेगळे ठेवते: आत प्रत काढायची आणि दुरुस्त करायची, बाहेर वाचायची. आवरणात काही हजार छिद्रे असतात आणि तीही नुसती भोके नव्हेत. प्रत्येक छिद्र म्हणजे शेकडो प्रथिन-रेणूंची जुळणी असते. दुरुस्त झालेला आरएनए बाहेर सोडायचा, केंद्रकात लागणारी प्रथिने आत घ्यायची, बाकीच्या मोठ्या रेणूंना अडवायचे, हे ती छिद्रे पाहतात.

केंद्रकाचे पहिले नीट वर्णन रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ साली ऑर्किडच्या पेशींवरून केले.

केंद्रक नसेल तर पेशी जगते का?

काही काळ, हो. माणसाच्या तांबड्या रक्तपेशी पक्व होताना केंद्रक बाहेर टाकतात, तंतुकणिकाही गमावतात आणि तरी सुमारे १२० दिवस काम करतात. मात्र नवीन प्रथिने बनवता येत नसल्यामुळे झिजलेले बदलता येत नाही. ऊर्जा त्या ऑक्सिजनविना ग्लुकोज तोडून मिळवतात, त्यामुळे वाहून नेत असलेल्या ऑक्सिजनला स्वतः हात लावत नाहीत. पक्ष्यांच्या आणि बेडकांच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असते.

प्रथिन तयार झाल्यावर आपल्या जागी कसे पोहोचते?

माझ्या मते हा या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल (एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या) आणि पुटिका (पटलाच्या लहान पिशव्या) हे तीन वेगवेगळे धडे नसून एकच मार्ग आहे, हे त्यातून कळते.

इन्सुलिनचे उदाहरण घ्या. स्वादुपिंडातल्या पेशीत रायबोझोम ही साखळी जोडायला घेतो तेव्हा तिचे सुरुवातीचे टोक म्हणजे एक खूण असते. ती खूण दिसताच रायबोझोम आंतर्द्रव्यजालिकेला जाऊन चिकटतो आणि साखळी बनता बनता जालिकेच्या आत ढकलली जाते. जालिका ‘खडबडीत’ दिसते ती अशा चिकटलेल्या रायबोझोममुळे. आत गेल्यावर खुणेचा तुकडा कापला जातो, साखळीची घडी पडते आणि गंधकाचे बंध तिला जागच्या जागी धरतात. मग पटलाचाच एक फुगवटा तुटून पुटिका होते आणि माल गॉल्जी संकुलाकडे जातो. तिथून तो साठवणीच्या पुटिकांमध्ये भरला जातो. या पुटिकांतच साखळीचा मधला भाग कापला जाऊन खरे इन्सुलिन तयार होते. रक्तातले ग्लुकोज वाढले की पुटिका पेशीपटलात विलीन होतात आणि इन्सुलिन बाहेर पडते. कापलेला मधला तुकडा, सी-पेप्टाइड, त्याच्याबरोबरच रक्तात येतो. रुग्णाचे स्वादुपिंड स्वतः इन्सुलिन बनवते आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर सी-पेप्टाइड मोजतात, कारण इंजेक्शनमधल्या इन्सुलिनबरोबर ते येत नाही.

सुरुवातीच्या टोकावरची खूण शोधल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले; पुटिकांची वाहतूक कशी नियंत्रित होते हे दाखवणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि स्युडहॉफ यांना २०१३ चे.

या मार्गावर तपासणीही होते. घडी चुकलेले प्रथिन जालिका पुढे जाऊ देत नाही, ते तोडायला पाठवते. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात सर्वांत जास्त आढळणाऱ्या बदलात क्लोराइड वाहून नेणाऱ्या प्रथिनातले फक्त एक अमिनो आम्ल गळालेले असते. ते प्रथिन पटलापर्यंत पोहोचले तर थोडेफार काम करू शकते, पण घडी बिघडल्यामुळे बहुतेक वाटेतच अडवले जाते. आजाराचे मूळ जनुकात आहे, पण नुकसान होते ते माल न पोहोचल्यामुळे.

गॉल्जी संकुलाला नाव कोणाचे?

कामिल्लो गॉल्जी यांचे. चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवताना १८९८ साली त्यांना हे जाळे दिसले. पुढे अर्धशतक अनेकांना वाटत होते की हा केवळ रंगाचा डाग आहे. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या दाखवल्या आणि शंका मिटली.

तंतुकणिका ‘ऊर्जा तयार करतात’ म्हणजे नेमके काय करतात?

ऊर्जा तयार कोणीच करत नाही. ग्लुकोज आणि मेदाम्लांतली ऊर्जा एटीपी या रेणूत आणून ठेवली जाते, कारण पेशीतली बहुतेक कामे एटीपीवर चालतात.

अन्नाच्या रेणूंतून काढलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर बसलेल्या प्रथिनांच्या साखळीतून जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन मुख्यतः या शेवटच्या पायरीला लागतो. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर ही प्रथिने प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला ढकलतात. तिकडे प्रोटॉन साठतात आणि परतायला बघतात. परतीची मुख्य वाट एटीपी सिंथेज नावाच्या विकरातून असते. प्रोटॉन त्यातून जाताना विकराचा एक भाग खरोखर गरगर फिरतो आणि त्या फिरण्यातून एटीपी जुळते. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ साली मांडली तेव्हा फार थोड्यांना पटली. १९७८ साली त्यांना नोबेल मिळाले.

यातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी: पटल अखंड नसेल तर एटीपी नाही. सगळी विकरे शाबूत असोत, पटलाला गळती लागली की प्रोटॉन त्या वाटेने परततात आणि ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. तपकिरी मेदाच्या पेशी हे मुद्दाम करतात. नवजात बाळांना ऊब देणारी ती गळती असते.

शरीरात एका वेळी असलेले एटीपी फारच थोडे. तेच पुन्हा पुन्हा वापरले आणि भरले जाते, इतके की दिवसभरातली उलाढाल जवळपास शरीराच्या वजनाइतकी होते.

एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात की ३२?

जुन्या हिशेबात ३६ किंवा ३८ येत, कारण अन्नातले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या साखळीकडे नेणाऱ्या दोन रेणूंपैकी एका एनएडीएचमागे ३ आणि एका एफएडीएचटूमागे २ एटीपी असे पूर्णांक धरले होते. नंतरच्या मोजमापांत ते साधारण २.५ आणि १.५ निघाले, म्हणून आता ३० किंवा ३२ सांगतात. प्रत्यक्ष पेशीत थोडी गळतीही असते, त्यामुळे आकडा आणखी खाली येतो. परीक्षेला मात्र तुमच्या पाठ्यपुस्तकात असेल तोच लिहा.

तंतुकणिका एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होत्या, हे सिद्ध झाले आहे का?

पुरावा इतका भक्कम आहे की आज याबद्दल गंभीर मतभेद उरलेला नाही. तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो. माणसात तो वर्तुळाकार, डीएनएच्या अक्षरांच्या १६,५६९ जोड्यांचा आणि ३७ जनुकांचा. त्यांचे रायबोझोम जिवाणूंच्या रायबोझोमशी नाते सांगतात. त्यांना दुहेरी पटल असते आणि जुन्या तंतुकणिका विभागूनच नव्या होतात. पेशी त्या नव्याने घडवू शकत नाही. जनुकांची तुलना केली तर त्यांचे नातलग जिवाणूंच्या एका ठरावीक गटात सापडतात. हरितलवकांची (वनस्पतींतल्या प्रकाशावर साखर बनवणाऱ्या हिरव्या अंगकांची) गोष्ट अशीच. त्यांचे पूर्वज सायनोबॅक्टेरिया. ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ च्या लेखात ती जोरकसपणे मांडली आणि तिची खिल्लीही पुष्कळ उडाली.

मग त्यांना बाहेर काढून वाढवता येईल का? नाही. तंतुकणिकेत हजाराच्या आसपास प्रकारची प्रथिने लागतात आणि तिच्या स्वतःच्या डीएनएवरून त्यांतली फक्त १३ बनतात. बाकीची जनुके केव्हाच केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली.

या जुन्या नात्याची किंमत कधी कधी मोजावी लागते. काही कुटुंबांमध्ये तंतुकणिकेच्या रायबोझोममध्ये असा एक बदल असतो की तो जिवाणूच्या रायबोझोमसारखा आणखीच दिसू लागतो. स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातली औषधे मग तिथेही चिकटतात आणि अशा व्यक्तीला नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते. तंतुकणिका आईकडूनच येत असल्यामुळे हा धोकाही आईच्या बाजूने वारशात येतो.

वनस्पतींना हरितलवके असताना तंतुकणिका कशाला?

हरितलवके साखर बनवतात. ती तोडून एटीपी मिळवायचे काम तंतुकणिकांचे. हरितलवकांत तयार होणारे एटीपी बहुतांशी तिथेच साखर बनवण्यात खर्च होते. शिवाय मुळांना हरितलवके नसतात आणि रात्री प्रकाश नसतो. वनस्पतींमध्ये फक्त हरितलवके आणि प्राण्यांमध्ये फक्त तंतुकणिका, ही समजूत चुकीची आहे.

लयकारिका फुटली तर पेशी स्वतःला पचवून टाकते का?

एखाददुसरी फुटली तर सहसा नाही. तिच्यातली विकरे आम्लधर्मी वातावरणात काम करणारी असतात, ७.२ सामूच्या पेशीद्रव्यात ती बरीच मंदावतात. पुष्कळ लयकारिका एकदम फुटल्या तर पेशी मरू शकते. पण ‘आत्मघाती पिशव्या’ एवढीच त्यांची ओळख राहिली तर त्यांचे रोजचे काम झाकले जाते.

ते काम म्हणजे मोडतोड आणि पुनर्वापर. बाहेरून गिळलेले जिवाणू आणि पेशीतलेच जुने भाग, अगदी अख्ख्या तंतुकणिकाही, त्यांच्यात विरघळवले जातात आणि सुटे घटक परत वापरात येतात. उपासमारीच्या काळात हा वेग वाढतो. स्वतःचे भाग मोडून वापरण्याची ही यंत्रणा यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

लयकारिकेतले एखादे विकर जन्मतः नसेल तर त्याने तोडायचा पदार्थ साठत जातो. गोशे आजारात एक विशिष्ट मेद साठून प्लीहा आणि यकृत फुगतात. त्यावर १९९० च्या दशकापासून विकरच शिरेतून देण्याचा उपचार आहे. तो चालतो याचे कारण वर इन्सुलिनच्या उदाहरणात पाहिलेल्या पुटिकांच्या मार्गाशी जोडलेले आहे: पेशी बाहेरचे विकर पटलाच्या पुटिकेत ओढून घेते आणि ती पुटिका शेवटी लयकारिकेलाच मिळते. मेंदूत मात्र हे विकर रक्तातून पोहोचत नाही, म्हणून तिथल्या लक्षणांवर त्याचा उपयोग होत नाही.

वनस्पतिपेशीतली मोठी रिक्तिका रिकामी असते का?

नाही. रिक्तिका म्हणजे पटलाची पिशवी. ती पाणी, क्षार, साखरा, रंगद्रव्ये यांनी भरलेली असते आणि पक्व पेशीचे ९० टक्क्यांपर्यंत घनफळ व्यापू शकते. तिचा दाब भित्तिकेवर असतो तोवर पान ताठ राहते. पाणी कमी झाले की दाब उतरतो आणि पान मलूल होते.

अंगके पेशीद्रव्यात तरंगत असतात का?

आकृतीवरून तसे वाटते खरे. पेशीद्रव्यात प्रथिनांची दाटी असते आणि त्यातून प्रथिन-तंतूंचा सांगाडा गेलेला असतो. अंगके या तंतूंना धरून असतात आणि त्यांच्यावरून हलवली जातात. कायनेसिन नावाचे प्रथिन माल घेऊन सूक्ष्मनलिकेवर (सांगाड्यातल्या पोकळ तंतूवर) ८ नॅनोमीटरच्या पावलांनी चालते आणि प्रत्येक पावलाला एक एटीपी खर्चते. एक मीटर लांबीच्या चेतातंतूत एखादे प्रथिन नुसत्या विसरणाने, म्हणजे आपोआप इकडेतिकडे पसरत, टोकापर्यंत जायला शेकडो वर्षे लागली असती. या वाहतुकीने पुटिका काही दिवसांत पोहोचतात.

जिवाणूंमध्ये अंगके अजिबात नसतात, हे बरोबर आहे का?

शालेय पातळीवर चालते. पण सायनोबॅक्टेरियात कार्बन पकडणारे प्रथिनांचे कप्पे असतात, आणि काही जिवाणूंत पटलात गुंडाळलेले चुंबकीय कण असतात ज्यांच्या आधाराने ते दिशा धरतात. २०२२ साली वर्णन झालेला थायोमार्गरिटा मॅग्निफिका हा जिवाणू तर सुमारे एक सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचा डीएनए पटलाच्या लहान लहान पिशव्यांत असतो.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात यांतले काय दिसेल?

साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. म्हणून कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन घातले की भित्तिका आणि केंद्रक दिसते. गालाच्या आतल्या पेशी मेथिलीन ब्लूने रंगवल्या की केंद्रक दिसते. हायड्रिलाच्या पानात हरितलवके न रंगवताच दिसतात, नशीब असेल तर सरकतानाही. रायबोझोम आणि आंतर्द्रव्यजालिका दिसणार नाहीत, कितीही फिरवा. रॉबर्ट हूक यांना १६६५ साली बुचाच्या कापात दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या.

कांदा वनस्पतीच, मग त्याच्या पापुद्र्यात हरितलवके का नाहीत?

तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. ज्या पाकळीवरून पापुद्रा काढतो ती अन्न साठवणारी असते आणि अंधारात वाढलेली असते, तिथे प्रकाशसंश्लेषण होत नाही. लवके त्या पेशींतही असतात, पण रंगहीन. हिरवी हवी असतील तर कांद्याची पात घ्या, आणि तीही वरच्या पापुद्र्याखालची. वरच्या थरात ती बहुधा फक्त रंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींत सापडतात.